हार्ट फेल झालेल्या माणसाच्या घरून

डॉक्टर,

सप्रेम नमस्कार.

पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, पण तुमचं नाव घालत नाही. मिरजेत हृदयाचे डॉक्टर काही कमी नाहीत. एसटीच्या ड्रायव्हरला त्याचं हृदय एसटीच्याच भाषेत समजावणारे तुम्ही कोण, हे तुमचं तुम्हाला कळेल. बाकीच्यांना नाही कळलं तरी चालेल.

आमच्याकडे ‘हार्ट फेल झालं’ याचा अर्थ एकच होतो. माणूस गेला. पारावर कुणी म्हणालं, ‘अमक्याचं हार्ट फेल झालं’, की पुढचा प्रश्न ‘माती किती वाजता?’ एवढाच. त्यामुळे नोव्हेंबर २०२१ मध्ये आबांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, कागदावर ‘हार्ट फेल्युअर’ लिहिलेलं माझ्या नवऱ्याने वाचलं, तेव्हा तो खाली बसला. आणि आबा समोरच्या खाटेवर उठून बसून, ‘च्या मिळंल का हितं?’ म्हणून नर्सला विचारत होते.

तुम्ही आलात तेव्हा आबांनीच तोंड फोडलं. ‘डॉक्टरसाहेब, गाडी अजून चालतीया, आन् तुम्ही फेल म्हणताय?’ तुम्ही हसलात, स्टूल ओढून बसलात. हे बसणं मला अजून आठवतं, कारण त्याआधीच्या दोन महिन्यांत आबांसाठी कुणी बसलं नव्हतं. ‘फेल हा शब्द चुकीचाच आहे,’ तुम्ही म्हणालात. ‘दमलंय म्हणा. गाडी बंद पडलेली नाही, पिकअप गेलाय.’

त्या दोन महिन्यांत काय झालं, ते इथं थोडक्यात लिहिते, कारण वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी हेच चालू असेल. रात्री झोपलं की खोकला. उठून बसलं की बरं. आधी एक उशी, मग दोन, मग आबा भिंतीला पाठ लावून बसूनच डुलकी काढायला लागले. गावाकडच्या दवाखान्यात कफ म्हणाले, मग दमा म्हणाले, वाफ दिली. पायावर सूज होती, ती वयाच्या खात्यावर गेली. तुम्ही मात्र पहिल्यांदा स्टेथोस्कोप लावलाच नाहीत. ‘झोपताना उशा किती?’ एवढंच विचारलंत, मग आबांच्या मानेकडे बघत राहिलात, मग नडगीवर अंगठा दाबून धरलात. पडलेला खड्डा भरून यायला किती वेळ लागतो, तेही मला दाखवलंत. मानेची शीर कुठवर फुगलेली दिसते, यावरून आत पाणी किती तुंबलंय याचा अंदाज येतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, आकडा आला २५ टक्के. आबांचं गणित लगेच तयार, ‘म्हंजे पाऊण गेलं.’ तुम्ही म्हणालात, निरोगी हृदयसुद्धा कधी पूर्ण रिकामं होत नाही. स्टँडावर गाडी लागली की सगळेच प्रवासी उतरतात का? शंभरातले साठेक उतरतात, बाकीचे पुढं जाणारे. तुमच्या गाडीतून पंचवीस उतरतायत, आणि मागं गर्दी वाढत चाललीय. ती गर्दी म्हणजे फुप्फुसातलं पाणी, पायाची सूज. आबांनी मान हलवली. तीस वर्षं स्टिअरिंगवर बसलेल्या माणसाला यापेक्षा सोपं काय सांगणार?

मग तुम्ही विचारलंत, ‘आधी कधी छातीत दुखलं होतं?’ आबा नाही म्हणाले. मीच आठवण करून दिली. निवृत्तीच्या आदल्या वर्षी घामाघूम होऊन, छातीत जळजळतंय म्हणून सोडा पिऊन त्यांनी गाडी कोल्हापूरला पोचवली होती. घरी येऊन ते कौतुकाने सांगितलंही होतं. अँजिओग्राफीत डाव्या बाजूची मोठी रक्तवाहिनी जुनीच बंद झालेली निघाली. म्हणजे तो सोडा प्यायला तो दिवस हार्ट अटॅकचा होता, आणि मागे पन्नास माणसं बसलेली होती. आबा त्यावर बराच वेळ गप्प होते. स्वतःच्या जिवापेक्षा त्या पन्नास माणसांचा विचार करत असावेत.

त्या संध्याकाळी माझ्या नवऱ्याने तुम्हाला जिन्यात गाठून विचारलं, ‘किती दिवस आहेत?’ ‘देवावर भरवसा ठेवा’ असं काहीतरी ऐकायची आमची तयारी होती. तुम्ही आकडा दिलात. २०१३ मध्ये तिरुवनंतपुरमच्या १८ रुग्णालयांत या आजाराने दाखल झालेल्या १२०५ रुग्णांची नोंद ठेवली गेली. सरासरी वय ६१, म्हणजे परदेशातल्या रुग्णांपेक्षा दहाएक वर्षांनी लहान. वर्षभरात शंभरातले ३१ गेले. नवऱ्याचा चेहरा उतरला. ‘पुढचं ऐका,’ तुम्ही म्हणालात. ‘ज्या गोळ्या या आजारात जीव वाचवतात, त्या सगळ्या नीट मिळालेले त्यात चारातला एक होता. आबांना त्या एकात बसवायचं काम माझं. गोळ्या रोज पोटात जातील हे बघणं तुमचं.’

डॉक्टर, मी पतसंस्थेत हिशेब लिहिते. आकडा लपवणाऱ्यांशी माझा रोजचा संबंध येतो. तोंडावर आकडा सांगणारा माणूस मला त्या दिवशी आवडला.

आणि मग ती वही. शंभर पानी, रेघा तुम्ही स्वतः मारून दिल्यात: तारीख, सकाळचं वजन, नाडी, रक्तदाब, सूज, उशा. वजन लघवी झाल्यावर, चहाच्या आधी, त्याच काट्यावर, तेवढ्याच कपड्यांत. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर फोन करायचा, वाट बघायची नाही. कारण तीन दिवसांत दोन किलो चरबी कुणाच्या अंगावर चढत नाही, ते पाणीच असतं.

या वहीने पहिल्याच उन्हाळ्यात पाणी दाखवलं. पाच दिवसांत वजन ५८ वरून ६१. खाण्यात काही फरक नाही, गोळ्या चालू. तुम्ही फोनवर विचारलंत, ‘गुडघे दुखतायत का?’ मला नवल वाटलं, हृदयाचा डॉक्टर गुडघ्याचं का विचारतोय! आबांनी शर्टाच्या खिशातून पुडी काढली. मेडिकलवाल्याने दिलेल्या दुखण्याच्या गोळ्या, दिवसाला दोन. तसल्या गोळ्या मूत्रपिंडाला मीठ आणि पाणी धरून ठेवायला लावतात, आणि आबांसारख्या माणसाला दवाखान्यात परत आणून टाकतात. आता आमच्या मेडिकलवाल्यालाही हे पाठ झालंय. गुडघ्याला शेक आणि मलम.

मिठाचंही असंच. ‘मीठ कमी करा’ हे सगळेच सांगतात. तुम्ही मला विचारलंत, ‘किलोभर मीठ घरात किती दिवस जातं?’ अठरा दिवस. माणसं पाच. म्हणजे माणशी दिवसाला अकरा ग्रॅम, वर लोणचं, पापड आणि खारातल्या मिरच्या निराळ्या. जागतिक आरोग्य संघटना पाचाच्या आत सांगते. हा हिशेब मी स्वतः केला म्हणून मला पटला. आता पुडा फोडला की त्यावर तारीख घालते. तो आता महिनाभर जातो, आणि ‘अळणी’ या शब्दावरून घरात भांडण होत नाही. म्हणजे रोज होत नाही. भाकरीत मीठ नाही, आमटीत निम्मं, खर्ड्याच्या जागी लिंबू आणि हिरवी मिरची. पुतण्याने पुण्याहून हौसेने कमी सोडियमचं मीठ आणलं, तेव्हा आम्हाला वाटलं, सुटलो. तुम्ही ते पिशवीसकट परत पाठवलंत. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घालतात, आणि आबांच्या गोळ्यांतली एक शरीरात पोटॅशियम साठवणारीच. ते फार वाढलं तर हृदय ठोका चुकवतं. त्याच यादीत तुम्ही नारळपाणी घातलंत आणि, सगळ्यात वाईट म्हणजे, बेदाणे. तासगावच्या पंचक्रोशीतल्या माणसाला, ज्याच्या पोराची दीड एकर बाग आहे, त्याला बेदाणे बंद!

गोळ्यांच्या गोष्टी तुम्ही इतक्या सांगितल्यात की आबा त्या आता पारावर सांगतात. नाडी कमी करणारी ती पांढरी गोळी, कार्व्हेडिलॉल. सुरुवात ३.१२५ मिलिग्रॅमने, दर दोन आठवड्यांनी दुप्पट. पहिले पंधरा दिवस आबा आणखीच गळून गेले, आणि मी तुमच्यावर चिडून आले होते. दमलेल्या हृदयाला आणखी हळू करणारी गोळी कशी काय देता? तुम्ही म्हणालात, हाच प्रश्न सगळ्या जगाला पडला होता. पुस्तकांत लिहिलेलं होतं की या रुग्णांना ही गोळी चुकूनही देऊ नये. स्वीडनमध्ये गोटेनबर्गला फिन वागस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये अवघ्या सात रुग्णांचा अनुभव छापला, की दिली तर हृदय सुधारतं. मोठ्या चाचण्या होऊन जगाला ते पटायला १९९९ उजाडलं. मग आबांकडे वळून तुम्ही म्हणालात, ‘घाटात इंजिन तापल्यावर तुम्ही काय करायचा? आणखी रेस द्यायचा?’ आबा म्हणाले, ‘छ्या! गिअर उतरवायचा, दमानं घ्यायचं.’ झालं. पारावर ही गोष्ट सांगताना आबा त्या स्वीडनच्या डॉक्टरला ‘आपला माणूस’ म्हणतात.

मधुमेहाच्या गोळीवरूनही असाच गोंधळ झाला होता. आबांना मधुमेह नाही. मेडिकलवाला म्हणाला, डॉक्टरची चूक झालीय. तुम्ही सांगितलंत की २०१९ मध्ये ४७४४ रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल आला, त्यात निम्म्याहून जास्त लोकांना मधुमेह नव्हताच, आणि फायदा दोघांनाही सारखाच झाला. तिचं पेटंट २०२० मध्ये संपलं होतं म्हणून ती आम्हाला परवडली. आबांच्या रक्तदाबाच्या जुन्या गोळीहून चांगली अशी दुसरी एक गोळी होती, पण महाग. ‘ती आत्ता लिहून दिली तर तुम्ही दोन महिने घ्याल आणि तिसऱ्या महिन्यात सोडाल,’ तुम्ही म्हणालात. ‘तोवर जुन्या, स्वस्त गोळीवर चालवू.’ २०२३ च्या जानेवारीत तिचं पेटंट संपलं, दर उतरले, आणि पुढच्याच भेटीत तुम्ही बदल केलात. जुनी बंद केल्यावर ३६ तास थांबायचं, मगच नवी. मध्ये अंतर ठेवलं नाही तर चेहरा आणि घसा सुजू शकतो, म्हणून तुम्ही घड्याळ काढून वेळ लिहून दिलीत. आमच्या ऐपतीचा विचार करून औषधाची तारीख ठरवणारा डॉक्टर मी दुसरा पाहिला नाही.

हृदय बदलायचं का, छातीत यंत्र बसवायचं का, हेही नातेवाइकांनी विचारून झालं. केईएममध्ये १९६८ च्या फेब्रुवारीत डॉ. प्रफुल्लकुमार सेनांनी हृदय बदलून पाहिलं होतं आणि तो रुग्ण काही तासच जगला. देशात यश यायला १९९४ साल आणि दिल्लीच्या एम्समधले डॉ. वेणुगोपाल लागले, हे तुम्ही पुतण्याला जिना उतरता उतरता सांगितलंत. यंत्राचं म्हणालात, ‘तीन महिने गोळ्या पूर्ण होऊ देत, मग ठरवू.’ तीन महिन्यांनी इको ३८ आला. यंत्राचा विषय तिथंच मिटला.

आता जे मुख्य सांगायचंय ते.

दाखल केल्यानंतर चौथ्या दिवशी तुम्ही एक कागद घेऊन आलात. रुग्णांची नोंद ठेवायचा तुमचा अभ्यास चालला होता, त्यात आबांना घेऊ का, असं विचारलंत. आबा सावध झाले, ‘म्हंजे माझ्यावर प्रयोग?’ तुम्ही म्हणालात, नवीन औषध नाही, जास्तीची सुई नाही. फक्त लिहून ठेवायचं, आणि तीन, सहा, बारा महिन्यांनी फोन करायचा. नाही म्हणालात तरी उपचार हेच. आबांनी तो मराठी कागद रात्रभर स्वतःजवळ ठेवला, एका ओळीवर खूण केली, सकाळी तिचा अर्थ विचारला, मग सही केली. मला खरं सांगायचं तर तेव्हा वाटलं होतं, मोठ्या डॉक्टरांना कागद छापायचे असतात, त्यासाठी हे चाललंय. त्याबद्दल माफ करा.

२०२२ चं साल. आबा छान चालायला लागले होते. दसरा झाला, ऑक्टोबर छाटणी लागली, मजूर मिळेनात, घरातला प्रत्येक हात बागेत. तुमच्याकडची एक तारीख हुकली, मग दुसरी. नोव्हेंबरात तुमच्या अभ्यासातल्या मुलीचा बारा महिन्यांचा फोन आला. मी बागेतूनच बोलत होते. सगळं ठीक आहे म्हणाले. ती म्हणाली, ‘ताई, गोळ्यांची पाकिटं समोर घेऊन नावं आणि उरलेल्या गोळ्या वाचून दाखवाल का? फॉर्ममध्ये तसंच भरायचंय.’ घरी गेले, डबा उघडला. पाकिटं भरलेली. आबांनी दसऱ्यापासून पाण्याची, म्हणजे लघवीवाटे अंगातलं पाणी काढणारी, गोळी सोडून सगळं बंद केलं होतं. ‘बरं वाटतंय की! कशाला उगाच?’

मी वही उघडली. वजन सारखं होतं, म्हणून मी निश्चिंत होते. पण नाडीचा रकाना! ६८, ७०, ७६, ८४, ९६. माझ्याच अक्षरात. महिनाभर मी आकडे लिहीत होते, वाचत नव्हते. हिशेब लिहिणाऱ्या बाईला याची किती लाज वाटली असेल, ते तुम्हाला कळेल.

त्या रात्री साडेनऊला तुमचा स्वतःचा फोन आला, ‘उद्या सकाळी या.’ इको ३८ वरून ३० वर आलेला. मला वाटलं आबांना झापाल. तुम्ही म्हणालात, ‘आबा, हा प्रयोग आधीच झालेला आहे, तुम्ही परत करायची गरज नव्हती.’ लंडनमध्ये ५१ माणसं, आबांहून वेगळ्या कारणाने हृदय दमलेली, पण औषधांनी पूर्ण सावरलेली, कसलाही त्रास नसलेली. त्यातल्या निम्म्यांच्या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू बंद केल्या. सहा महिन्यांत २५ पैकी ११ जणांचा आजार परतला. ज्यांच्या चालू राहिल्या त्यांच्यातल्या एकाचाही परतला नाही. आबांनी विचारलं, ‘ती माणसं तयार कशी झाली?’ तुम्ही म्हणालात, ‘तुमच्यासारखंच वाटत होतं त्यांना. पण त्यांनी विचारून बंद केल्या.’ मग कार्व्हेडिलॉल पुन्हा पहिल्या पायरीपासून, दर पंधरा दिवसांनी एक पायरी.

बाहेर पडताना मी तुम्हाला विचारलं होतं, आम्ही तारखा चुकवल्या, मग तुम्ही फोन का लावलात? येणारे पुष्कळ असतात की. तुम्ही फाइल मिटत म्हणालात, ‘येणाऱ्यांना मोजून काय कळणार? जे येत नाहीत ते बरे झाले म्हणून येत नाहीत, पैसे संपले म्हणून येत नाहीत, की गेले म्हणून, हे शोधलं नाही तर माझा आकडा खोटा.’

हे वाक्य मी पतसंस्थेतल्या माझ्या टेबलावरच्या काचेखाली लिहून ठेवलंय. खतावणीत एक नोंद जुळत नसेल तर बाकी सगळं सोडून ती शोधायची, हे मला शिकवलेलं होतंच. पण ती नोंद माणूसही असू शकते, हे तुमच्याकडून कळलं. जिन्यात तुम्ही सांगितलेला तो ३१ चा आकडासुद्धा कुणीतरी १२०५ घरांचा पाठपुरावा केला म्हणूनच आपल्या हातात आहे. त्यातल्या काही घरांत फोन उचलणाऱ्याला ‘ते गेले’ असं सांगावं लागलं असेल. त्यांनी ते सांगितलं. मी त्यांचेही आभार मानते, ते हे वाचणार नाहीत तरी.

तक्रारही लिहिते, नाहीतर आबा म्हणतील बाईने तोंडदेखलं लिहिलं. तुमच्याकडच्या बाकावर आम्ही तीन-तीन तास बसलोय. तो बाक लाकडी आहे आणि ज्यांच्या पायाला सूज असते अशांसाठी फार उंच आहे. तुमचं अक्षर वाचायला मला अजून मेडिकलवाला लागतो. आणि एकदा तुम्ही माझ्या नवऱ्यावर सगळ्यांसमोर ओरडलात, ते तो विसरलेला नाही. त्याची चूक होती, तरीसुद्धा.

आबा आता सत्तर वर्षांचे आहेत. इको ४१. पारापर्यंत न थांबता जातात, येताना एकदा टेकतात. शेतात जात नाहीत, जाऊन सूचना मात्र देतात. ऋषिपंचमीला तासगावच्या गणपतीचा रथ बघायला नेलं होतं. रथ ओढायचा नाही असं कबूल करून घेतलं होतं. त्यांनी दोराला नुसता हात लावला आणि माझ्याकडे बघितलं, लहान पोरं बघतात तसं. उशी एकच आहे. चौथी वही चालू आहे, आणि आता नाडीचा रकाना मी वाचते.

पुढची तारीख चौदाची आहे, आम्ही येतोय. आबांनी बागेतले बेदाणे दोन किलो काढून ठेवलेत, हिरवे, लांब, स्वतः निवडून एकेक काडी काढलेले. मला म्हणाले, ‘डॉक्टरला सांग, मी एकबी तोंडात टाकला न्हाई.’ काडी काढताना मी समोर बसले होते, त्यामुळे साक्ष देते: दोन टाकले.

तुमची,
आबांची सून